मागितलं की दारात

मोहनरावांच्या बंगल्याच्या फाटकातून एकदा पाणीपुरीची अख्खी गाडी आत आली होती, ही गोष्ट तेलगावात अजून हसून सांगतात. हसणाऱ्यांना हसू द्या. जिच्यासाठी ती गाडी आली तिला कुणी विचारलं नाही, एवढंच माझं म्हणणं.

झालं असं, की मोहनरावांची सून मंजुषा जेवताना सहज बोलून गेली. मूळची ती वडवणीची, तिथल्या मास्तरांची मुलगी. म्हणाली, "आमच्या वडवणीच्या बाजारात पाणीपुरी लई भारी मिळायची. एकदा जाऊन खाऊन यावं म्हणते." मोहनरावांनी ऐकलं. भाकरी चुरली, कालवण ओतलं, जेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी फाटक उघडलं आणि एक पिकअप आत आला. मागं पाणीपुरीची गाडी दोरखंडानं बांधलेली, तिला धरून गाडीवाला उभा, आणि त्याच्या पायाशी पाण्याचा डेरा. सालगडी म्हाळूनं गाडी उतरवून घेतली, चिंचेखाली लावली.

"खा," मोहनराव म्हणाले. "पाहिजे तेवडी खा. बाजारात धुरळ्यात हुबं राहून खायाची काय गरज हाय?"

मंजुषानं खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं, ते तिखटाचं म्हणून खपून गेलं.

ही त्या घराची रीत होती. बांगड्या भरायच्या म्हटलं की कासारीण घरी. ब्लाऊज शिवायचा म्हटलं की शिंपी टेप घेऊन पडवीत. दाताचा डॉक्टर तेवढा खुर्चीसकट आणता आला नाही, म्हणून तिला बीडला नेलं होतं, तेही बोलेरोत पुढं दोघं नि मागं आत्याबाई, म्हणजे सासू वत्सलाबाई, नि चुलत नणंद अशा बंदोबस्तात. कुणी तिला कधी रागावलं नाही. कुणी 'जाऊ नको' म्हटलं नाही. मागितलं की दारात यायचं, आणि दारात आलं म्हटल्यावर दाराबाहेर जायला कारणच उरायचं नाही.

वत्सलाबाई एकदा शेंगा निवडता निवडता म्हणाल्या होत्या, "मी लग्न होऊन आले तवापासनं तेलगावचा बाजार बघितला न्हाई बग. बाजारच येतो इथं." सांगताना त्यांच्या तोंडावर तक्रार नव्हती, कौतुकही नव्हतं. शेंगांतला खडा काढून टाकावा तसं त्यांनी ते वाक्य बाजूला टाकलं.

आता मंजुषा काही रांधा-वाढा करायला आलेली पोर नव्हती. इंजिनियर. लग्नाआधी पुण्याच्या एका कंपनीत होती. कंपनी छोटी, पण काम खरं. दूध संकलन केंद्रावर ठेवतात तो डबा बनवायची. डब्याला एकीकडून वजनकाटा जोडायचा, दुसरीकडून फॅट मोजायचं यंत्र, दोन्ही यूएसबीच्या वायरीनं. शेतकऱ्यानं किटली ओतली की डबा वजन वाचणार, फॅट वाचणार, पावती काढणार. त्या डब्याच्या पोटात जो प्रोग्रॅम चालतो त्यातला अगदी तळाचा थर मंजुषाकडं असायचा. वायर लावली की पलीकडं काय आहे ते ओळखायचं, वीज सोडायची, बोलणं सुरू करून द्यायचं. या थराला त्यांच्या भाषेत होस्ट कंट्रोलरचा ड्रायव्हर म्हणतात. तिथं चूक झाली की वरचे सगळे आंधळे.

पुण्यात तिचं एक टेबल होतं. टेबलावर ऑसिलोस्कोप, म्हणजे वीज कशी चढते-उतरते त्याची रेघ काढून दाखवणारं यंत्र. आणि चार वाजता पर्स न घेता, कुणाला न सांगता खाली जाऊन टपरीवर चहा प्यायची सोय. लोकांना वाटतं, पुणं म्हणजे मॉल नि सिनेमा. तिला आठवायचा तो चहा. त्यातलं 'कुणाला न सांगता' हे जास्त आठवायचं.

मोहनरावांच्या मुलाचं, सोमेश्वरचं स्थळ आलं तेव्हा मास्तरांनी सुपारी फोडायच्या बैठकीत एकच अट घातली होती, पोरीची नोकरी सुटू नये. मोहनरावांनी चारचौघांत मांडीवर थाप मारून सांगितलं, "घरून करू द्या की काम. इंटरनेट आमी वढून घेऊ. आन कंपनीनं बोलावलंच, या म्हनली तिकडं, तर मी सवता गाडीत घालून सोडून येईन. मोहनरावाचा शब्द हाय." आणि मोहनरावांचा शब्द म्हणजे शब्द. पंचायत समितीत दोनदा पडले, पण दिलेला शब्द फिरवला असं विरोधकसुद्धा म्हणायचे नाहीत.

म्हणजे फाटकाला एकच किल्ली होती, आणि ती कंपनीच्या हातात होती.

तुम्ही म्हणाल, शिकलेली बाई, कमावती बाई, उठून जायचं की! बोलायला काय लागतं. एकदा गेली ना ती. 'ऑफिसात जाऊन येते' म्हणाली, तर बोलेरोत आत्याबाई, नणंद, डबा, पाण्याचा जार असं वऱ्हाड पुण्यापर्यंत आलं. कंपनीच्या रिसेप्शनवर सगळ्यांनी बसून धपाटी खाल्ली, मंजुषा वर जाऊन सह्या करून खाली आली, दिवस मावळायच्या आत परतीच्या वाटेला. मास्तरांकडं माहेरी रडावं, तर ते म्हणायचे, "अगं, सासरा पाणीपुरीची गाडी दारात आणतो, आणि तू रडतेस?" मारलं असतं तर वळ दाखवता आला असता. आणि सोमेश्वर? माणूस सरळ, बायकोवर जीव. पण बापासमोर त्याचा आवाज घशातच राहायचा. "बगू ना, कंपनी बोलावीलच की एक दिवस," असं म्हणून कूस बदलायचा.

सोन्याची सुरी म्हणून कुणी उरी घालून घेत नाही, असं आपण म्हणतो. घरात सोन्याचीच असली की माणसं म्हणतात, घे की, सोन्याची तर आहे.

तर अशात गेल्या वर्षी कंपनीवर संकट आलं. खेड्यापाड्यांतून डबे परत यायला लागले. तक्रार एकच. मध्येच पडद्यावर येतं, 'काटा सापडत नाही'. काटा समोर ठेवलेला, वायर लावलेली, आणि डबा म्हणतो सापडत नाही. बंद करून चालू केला की परत सापडतो. तोवर रांगेतली माणसं किटल्या घेऊन शिव्या घालतात, दूध नासतं. आणि गंमत अशी की पुण्यात डबा आणून लावला तर आठवडाभर सुतासारखा सरळ चालायचा. तिथल्या मुलांनी वायरी बदलल्या, काटे बदलले, हात टेकले.

मंजुषाचे साहेब अजिनाथ, मूळचे आष्टीकडचे. त्यांनी फोन केला. "मंजुषा, एक डबा तुझ्याकडं पाठवतो. आणि ऐक, पुण्यात नवीन लॅब उभी करायची आहे, तिला प्रमुख पाहिजे. हे दुखणं जो काढेल त्याचंच नाव मी पुढं करणार."

फोन ठेवल्यावर मंजुषा गच्चीवरच्या खोलीत नुसती बसून राहिली. हे दुखणं निघालं तर कंपनी बोलावणार, आणि कंपनीनं बोलावलं तर मोहनराव शब्द पाळणार. इतकं सरळ होतं सगळं.

डबा आला. तिनं काटा जोडला, वर आत्याबाईंचा वरवंटा ठेवला आणि वाट बघत बसली. फार बसावं लागलं नाही. दुपारी खोलीतला पंखा एकदम मंद झाला, बल्ब पिवळा पडला, विहिरीकडून मोटार गुरगुरल्याचा आवाज आला आणि पडद्यावर अक्षरं उमटली, 'काटा सापडत नाही'. खालून म्हाळू ओरडला, "लाईट आली!"

ती खुदकन हसली. पुण्यातल्या पोरांना हे सात जन्मात दिसलं नसतं.

मळ्यातला बंगला शेतीच्याच डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर. घरातले दिवे-पंखे सिंगल फेजवर चालतात, पण मोटारींची थ्री फेज लाईट पाळीनं येते, आणि तिची वाट बघत विहिरीवर कोण बसणार? म्हणून प्रत्येकानं स्टार्टरच्या पेटीत 'ऑटो' बसवून घेतलेला. लाईट आली की मोटार आपोआप चालू. एकाची नव्हे, अख्ख्या शिवाराची, एकाच वेळी. डीपीचा जीव तो केवढा. व्होल्टेज खाली बसतं आणि हळूहळू, कण्हत कुथत वर येतं. डब्याच्या पोटात छोटी बॅटरी असते, म्हणून डबा स्वतः मरत नाही. पण काट्याकडं जाणारी वीज बसते. ती परत आली की ड्रायव्हर ठरलेला वेळ थांबतो आणि विचारतो, कोण आहे? काटा अजून डोळे चोळत असतो. उत्तर येत नाही. ड्रायव्हर दोन-तीनदा विचारतो आणि मग नाद सोडतो.

थांबायचा तो वेळ म्हणजे ड्रायव्हरमधला एक आकडा. पुण्यात कुणीतरी डबा झटकन चालू व्हावा म्हणून तो अगदी कमी करून ठेवलेला होता, डोळ्याची पापणी लवते त्याहून कमी. पुण्याच्या विजेला तेवढा पुरायचा. शिवारातल्या विजेला कसा पुरणार? मंजुषाला तो आकडा बघून राग आला. ज्याला कधी कशाची वाट बघावी लागली नाही असल्याच माणसानं लिहिला असणार, असं तिला वाटलं.

आकडा वाढवणं सोपं. पण किती? उगीच वाढवला तर प्रत्येक केंद्रावर डबा सकाळी रेंगाळत बसेल. नेमका ठरवायला परत परत करून बघायला हवं, आणि सगळ्या मोटारी एकदम सुरू व्हायचा प्रसंग दिवसातून एकदाच यायचा. त्यात कधी कुणाची विहीर आटलेली, कधी कुणाचा ऑटो जळालेला. तिचे दिवस चालले होते आणि अजिनाथ साहेबांचे फोनवर फोन येत होते. शेवटी तिनं जेवताना विषय काढला. इथंच तिचं चुकलं. या घरात काही मागायचं म्हणजे काय होतं, हे तिच्यापेक्षा चांगलं कुणाला ठाऊक होतं?

"मामा, एक काम होतं. आपल्या डीपीवरच्या सगळ्यांच्या मोटारी एकदम चालू करायच्या आहेत. थोड्या वेळानं बंद करायच्या, परत चालू करायच्या. असं चार-पाच वेळा."

"कावून?"

तिनं जमेल तसं सांगितलं. मोहनरावांना त्यातलं किती कळलं कोण जाणे, पण शिवारातली सगळी माणसं आपल्या एका शब्दावर एकदम काहीतरी करणार, एवढं नीट कळलं. शेवटची निवडणूक हरल्यापासून त्यांना असं काही मिळालं नव्हतं. ताट सारून उठले आणि हात धुता धुता म्हणाले, "तू फक्त वार सांग."

तिला वाटलं होतं, चार फोन होतील आणि काम भागेल. पण तो मोहनरावांचा कार्यक्रम होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, त्यातली गत. बंगल्यासमोर मंडप पडला. खुर्च्या आल्या, भोंगा आला. ज्यांच्या विहिरी होत्या ते आपापल्या मोटारीपाशी, ज्यांच्या नव्हत्या ते मंडपात. चहाचं पातेलं चढलं. मोहनराव फेटा बांधून माईकपाशी उभे राहिले, आणि मंजुषा गच्चीवरच्या खोलीत डब्यासमोर. सोमेश्वर मोबाईल धरून शूटिंग करत होता.

"ऑटो काडून ठिवा रे सगळ्यांनी," मोहनरावांचा आवाज शिवारभर घुमला. "मी तीन म्हनलं की हिरवं बटन दाबायचं. मधी कुनी हात लावायचा न्हाई. एक. दोन. तीन."

मोटारी गुरगुरल्या. बल्ब पिवळा पडला. जुना आकडा होता, काटा गेला. मंजुषानं वरून हात हलवला, मोटारी बंद झाल्या. तिनं आकडा दुप्पट केला. एक, दोन, तीन. काटा सापडला. मंडपातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

परत एकदा केलं आणि काटा गेला. तिनं आकडा अजून वाढवला. काटा सापडला, पुढच्या वेळी पुन्हा गेला. आकडा बरोबर असेल तर प्रत्येक वेळी सापडायला हवा, एकदा सापडला आणि एकदा गेला याला काय अर्थ? खाली लोक चुळबुळ करायला लागले होते. आणखी एखाद-दुसऱ्या खेपेला डीपीचा फ्यूज उडणार हे नक्की होतं. पुणं असं हातातोंडाशी आलेलं आणि निसटत चाललेलं.

ती खिडकीशी गेली आणि मोटारींचे आवाज नीट ऐकले. सगळ्या एकदम गुरगुरल्या, मग क्षणभरानं लांबून एक एकटीच उशिरा गुरगुरली. ती बबनरावांची. बबनराव मोहनरावांचे शेजारी, भला माणूस, पण कुठल्याही गोष्टीला इतरांहून उशिरा. 'तीन' ऐकून, विचार करून मग बटण दाबत होते.

माईकवरून मोहनराव म्हणालेसुद्धा, "बबनराव, झोपला का बे?"

मंजुषाला मात्र त्या बबनरावांचे पाय धरावेसे वाटले. वीज चढत असते, ड्रायव्हर मोजायला लागलेला असतो, आणि तेवढ्यात बबनरावांची मोटार परत व्होल्टेज पाडते. ड्रायव्हर आपला मोजतच राहतो आणि भलत्या वेळी विचारतो. नुसतं जास्त वेळ थांबून भागणार नव्हतं. वीज स्थिर झाली का ते आधी बघायचं, आणि मोजता मोजता ती हलली तर पहिल्यापासून मोजायचं. प्रत्येक शिवारात एक तरी बबनराव असणारच की.

तिनं तसं लिहिलं. डब्यात नवा प्रोग्रॅम भरला, हात हलवला. एक, दोन, तीन. सगळ्या मोटारी, मग बबनरावांची. पडदा क्षणभर कोरा राहिला. वरवंट्याचं वजन पडद्यावर उमटलं. परत केलं, परत उमटलं. डीपीचा फ्यूज जाईपर्यंत ते करत राहिले आणि काटा एकदाही हरवला नाही.

त्या दिवशी मंजुषा लग्नानंतर पहिल्यांदा सासऱ्याच्या पाया पडली ती आपण होऊन. मोहनरावांनी माईकवरून जाहीर केलं, की आमच्या सूनबाईनं देशाचं काम केलं, आणि सगळ्यांना भजी वाटली.

अजिनाथ साहेबांना पुरावा हवा होता. तिनं सगळे आकडे पाठवले, नवा ड्रायव्हर पाठवला आणि त्यासोबत सोमेश्वरचं शूटिंगही पाठवलं. खुशीत होती. भोंगा, फेटा, 'तीन' म्हटल्यावर शिवारभर गुरगुरणाऱ्या मोटारी, सगळं त्यात होतं.

मग तिनं माळ्यावरून बॅग काढली. कुणाला सांगितलं नाही, पलंगाखाली सरकवून ठेवली. दोन दिवसांनी बघते तर बॅगेत कपड्यांच्या घडीखाली कारळाच्या चटणीचा डबा. रात्री वाढताना आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "तिकडं मिळत न्हाई तसली."

व्हिडिओ कॉलचा दिवस ठरला. कंपनीचे मालक स्वतः बोलणार होते. मोहनराव म्हणाले, मीबी बसतो. इस्त्रीचा सदरा घालून तिच्या शेजारी खुर्चीवर बसले. सकाळीच त्यांनी बोलेरो धुऊन घेतली होती, हवा मारून घेतली होती. "शब्द दिलता मी," ते सोमेश्वरला म्हणाले. "त्यांनी या म्हनलं की उद्याच निघायचं. कुनी रडायचं न्हाई." आणि हे बोलताना त्यांचाच आवाज जड झाला होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा. माणूस खोटा नव्हता.

पडद्यावर मालक आले, अजिनाथ साहेब आले. मालकांनी तोंडभरून कौतुक केलं. तिचा ड्रायव्हर प्रत्येक डब्यात जाणार होता. नव्या लॅबची प्रमुख म्हणून तिचं नाव पक्कं झालं होतं. मंजुषाच्या डोळ्यांसमोर तो टपरीवरचा चहा आला, अगदी वाफेसकट.

"तुमचा व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी पाहिला," मालक म्हणाले. "मी तर तीनदा पाहिला. अशी टेस्टिंगची सोय जगात कुठल्या कंपनीकडं नसेल. एक हाक मारली की अख्खं शिवार! आम्ही पुण्यात लॅब बांधून तिथं खोटं व्होल्टेज पाडत बसणार होतो. म्हटलं, वेडेपणा आहे. मॅडम, लॅब तुमच्या घरीच होईल."

तिला आधी कळलंच नाही.

"सर, पण मला," ती म्हणाली, "मला तिकडं यायचं होतं."

"अगं, कशाला?" अजिनाथ साहेब हसले. आष्टीचा माणूस, मनानं चांगला. "घर सोडायला लागू नये म्हणूनच मी भांडलो तुझ्यासाठी. माझ्या बहिणीची नोकरी याच्यापायी सुटली होती, तिला घर सोडवेना. तुझं तसं होऊ द्यायचं नव्हतं मला. स्कोप, टेबल, रॅक, सगळं पाठवतो."

"काय लागेल ते सांगा फक्त," मालक म्हणाले. "दारात पोहोचवतो."

मंजुषा मान हलवत राहिली. शेजारी मोहनरावांनी डोळ्याला उपरणं लावलं. त्यांना खरंच भरून आलं होतं, सून जाणार नाही म्हणून. कॉल संपला तसे ते उठले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी सोडलं असतं बग," ते म्हणाले. "त्यांनीच न्हाई म्हनलं." आणि ते खरं होतं, त्यातली मेख तीच होती. भांडायचं तर कुणाशी भांडणार? ज्याला हाक मारावी तो तिचं भलंच करत होता.

मोहनरावांनी महिन्याच्या आत गच्चीवर मोठी खोली बांधून काढली. महागाच्या वस्तू येणार म्हणून खिडक्यांना जाड गज बसवले. एसी बसवला. दारावर लॅबची पाटी लावली.

मग एक दिवस दुपारी फाटक उघडलं आणि पुण्याहून टेम्पो आत आला. पाणीपुरीची गाडी आली होती त्याच वाटेनं, त्याच चिंचेखाली थांबला. म्हाळूनं आणि गड्यांनी खोकी उतरवली. टेबल आलं. तिनं ओळखलं ते, कडेला कटरनं पडलेला ओरखडा तिचाच होता. ऑसिलोस्कोप आला. तिची जुनी खुर्चीसुद्धा आली, एक चाक डगमगणारी. मोहनरावांनी नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं. मंजुषानं टेम्पोवाल्याच्या मोबाईलवर बोटानं सही केली.

टेम्पोवाल्यानं चहा पिऊन गाडी वळवली. मागचं फाळकं तो लावत होता तेव्हा मंजुषा जवळ जाऊन उभी राहिली. आत नुसती पोती आणि दोरखंड.

"आता पुण्यालाच का?" तिनं विचारलं.

"व्हय ताई. रातच्याला पोचतो."

"रिकामाच जाणार?"

"रिकामाच की. इकडून काय न्यायचं हाय?"

टेम्पो हळूच फाटकातून बाहेर पडला, डांबरीला लागला आणि बीडच्या दिशेनं गेला. म्हाळूनं फाटक लावून कडी घातली. वत्सलाबाई कधी मागं येऊन उभ्या राहिल्या ते तिला कळलं नव्हतं.

"मीबी आदी मागायची," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मंग समजलं. जे मागावं ते हितं येतंय, आन तिकडं जायाची वाट बंद होती. तवापासनं सोडून दिलं बग मागायचं."

पडवीतून मोहनरावांची हाक आली. खुशीत होते, हातात खोबऱ्याची वाटी. "मंजुषा, आनखी काय लागतंय का गं तुला? लाजू नको. तोंडातनं शब्द काड फक्त."

तिनं बंद फाटकाकडं एकदा बघितलं.

"नको, मामा," ती म्हणाली. "काहीच नको."